मेण न लावलेलं सूत

स्वीडनमधल्या बुरोस शहरातल्या शेवटच्या विणगिरणीला टाळं लागलं तेव्हा इंगेगेर्ड अठ्ठावन्न वर्षांची होती. आमच्या प्रयोगशाळेने तिला विणकामाच्या यंत्रावर घेतलं. पहिल्याच आठवड्यात तिने मला, चांगल्या डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला, सूत कसं धरायचं ते शिकवलं.

"बोटं आहेत की काठ्या रे तुझी?" हे वर ऐकवलं.

आमचं काम सुताचे स्नायू बनवायचं. सुतावर मऊ जेलचा थर द्यायचा. घड्याळाच्या सेलइतकी वीज सोडली की जेलमधले आयन सरकतात आणि सूत आखडतं. इंगेगेर्डला त्यातून एकच गोष्ट हवी होती. तिचा नवरा फोल्के, त्याचा डावा हात पक्षाघाताने गेला होता. त्याआधी चाळीस उन्हाळे, दर शनिवारी, दोघं तळ्याकाठच्या मांडवात नाचायला जायची आणि नाचताना तोच हात तिचा हात धरून असायचा. त्या पकडीसाठी ती झुरत होती. लपवायचीही नाही.

फोल्केसाठी तिने हातमोजा विणला, मी त्यावर जेल चढवलं. चाचणीच्या दिवशी वीज सोडली, तर मोजा ढिम्म.

"माझ्याइतकाच आळशी निघाला," फोल्के हसला.

ती हसली नाही. आमच्याकडे कॉफीची सुट्टी काही झालं तरी चुकत नाही. तिथे ती दालचिनीच्या पावाला हातही न लावता बसली होती. मग ताडकन उठली.

"मेण! अरे, सूत अडकू नये म्हणून मी ते मेणावरून ओढूनच विणते. जन्माची सवय, हात आपले आपण करतात. मेणावर तुझं जेल बसणार कसं?"

तीन महिन्यांची मेहनत पाण्यात. मी भडकलो, पण कुणावर ओरडणार? सूत कसं घेतेस, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

मेणाशिवाय विणायला तिला पाच आठवडे लागले. सूत सारखं तुटायचं आणि ती त्याला अशा शिव्या घालायची की आम्ही दार लावून घ्यायचो.

दुसऱ्या चाचणीला तिने फोल्केच्या मोज्यातल्या हातात आपला हात ठेवला. मी वीज सोडली. बराच वेळ काही नाही. मग बोटं सावकाश वळली आणि तिच्या बोटांवर येऊन टेकली. पकड कसली, कागदही निसटला असता त्यातून. तिने डोळे मिटले. मला बघवेना.

फोल्केला त्या हातात काहीच जाणवत नाही. तो नुसता बघत होता.

"धरलाय का गं मी?"

"धरलायस."

"घट्ट?"

"दुखतंय मेल्या, जरा हळू," ती म्हणाली.