पेट्रोलमधला कर आणि मुरूम

नोकरीसाठी मी नांदगाव खंडेश्वरला खोली घेतली. तिथे पोळ्याआधी गल्लीतले सगळे मिळून खड्ड्यांत मुरूम भरतात, बैलांचा पाय मुरगळू नये म्हणून. ओळखी होतील या आशेनं मीही बाहेर आले, पण तोंडून भलतंच निघालं, "रस्त्यासाठी आपण पेट्रोलवर कर देतोच ना?"

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मंग त्या पेट्रोललेच सांग ना बाई, घमेलं घेऊन ये म्हना!"

सगळे हसले. मलाही एक घमेलं द्या, एवढंच म्हणायचं होतं. ते जमेपर्यंत त्यांनी माझ्या दारापुढचा खड्डाही भरला, पायानं नीट दाबला आणि गप्पा मारत काकूंच्या घरी चहाला गेले.