वाळवंटातला सत्कार

मी शिकलो ते आमच्या शाळेच्या भाऊसाहेबांमुळे. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे कारकून. आमच्या भागात कारकुनाला अशीच हाक मारतात. शिक्षकांचे उपकार मी मानतोच, पण माझ्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. वडील गवंडीकाम करायचे आणि शिष्यवृत्तीचा अर्ज कसा असतो हे आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. बारावीपर्यंतचा माझा प्रत्येक अर्ज भाऊसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात भरला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते मला घेऊन तालुक्याला गेले, तहसील कचेरीच्या व्हरांड्यात दोन दिवस शेजारी बसले, आणि तिसऱ्या दिवशी दाखला हातात पडल्यावर आधी त्याच्या चार झेरॉक्स काढल्या, मग चहा घेतला. इंजिनिअरिंगचा प्रवेश, वसतिगृह, अमेरिकेला येताना जन्मदाखल्यात सापडलेली वडिलांच्या नावातली चूक, हे सगळं त्यांच्या हातून पार पडलं.

आता ते ऐंशीच्या घरात आहेत. कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे फोन बंद. ते कागदावर लिहितात आणि त्यांची नात त्या कागदाचा फोटो काढून मला पाठवते. मीही तसंच करतो. नात यंदा इंजिनिअर झाली. दोन आठवड्यांपूर्वी त्यांचं पत्र आलं होतं की तिला सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंत्याची नेमणूक मिळाली आहे आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा प्रवेशही मिळाला आहे. खात्यात हजर व्हायची मुदत एका सोमवारी संपत होती. 'तू तिथे आहेस, तू सांगशील ते करू,' असं त्यांनी लिहिलं होतं. मी उत्तर लिहिलं नव्हतं. ऑफिसात गडबड होती आणि मला नीट विचार करून लिहायचं होतं.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवार-रविवारी माझ्या मित्राची बॅचलर पार्टी होती. आम्ही एमएसला न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत एका घरात राहायचो, दोन खोल्यांत सहा जण. तो आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो, मी नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला. बाकीचे असेच विखुरलेले. पार्टी ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण अशी कामं माझ्याकडेच येतात.

"व्हेगस नको यार, सगळे तिथेच जातात," नवरदेव फोनवर म्हणाला. "स्कॉट्सडेल बघ. अ‍ॅरिझोनात. वाळवंट पण आहे, स्विमिंग पूल पण आहे. आणि फोटो कडक पाहिजेत. दोन सेट."

"दोन कशाला?"

"एक आपला. एक आईच्या ग्रुपवर टाकता येईल असा. ग्लास दिसता कामा नये. काकू झूम करून बघतात."

मी यादी केली. जागा, तिथे पोचायची वेळ, ऊन कोणत्या बाजूनं येईल, गाडी कुठे लावायची. तांबड्या दगडाची एक टेकडी होती, तिला मधोमध आरपार भोक आहे आणि त्या भोकात बसलं की मागे सगळं शहर येतं. निवडुंगांची एक मोठी बाग होती. जुन्या वस्तीत लाकडी फळ्यांची दुकानं आणि एक रंगवलेली भिंत होती. भाड्यानं घेतलेल्या बंगल्यात पूल होता आणि पुलामागे ताडांची सरळ रांग. हे सगळं मी मन लावून केलं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला कंपनीत पंधरा मिनिटांची मीटिंग लागली. मॅनेजर नव्हता. एचआरच्या एक बाई होत्या, त्या समोरचं वाचून दाखवत होत्या. मीटिंग अकराव्या मिनिटाला संपली आणि लॅपटॉप आपोआप बंद झाला. माझ्या व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी नाही लागली तर देश सोडायचा. मी बॅग भरली. कॅमेऱ्याच्या दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. शुक्रवारी सकाळी विमानात बसलो. कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरवलंही नव्हतं. तोंड उघडलं की जागा आणि वेळाच बाहेर यायच्या.

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही सहा जण त्या भोकाच्या टेकडीवर होतो. वर चढायला दहा मिनिटं लागली. ऊन मी लिहिलं होतं त्याच बाजूनं आलं. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं. मी फक्त एवढं पाहिलं की सावली पुढच्या माणसाच्या कानापर्यंत येते आहे, आणि त्याला अर्धं पाऊल डावीकडे सरकायला सांगितलं.

"हनुवटी वर," मी म्हणालो.

"अरे किती वर? मान मोडेल."

"तुझ्या दोन हनुवट्या आहेत, त्यातली वरची वर कर," मागून कुणीतरी म्हणालं.

तिथून निवडुंगांच्या बागेत गेलो. तिथे बॅगेतून फेटे बाहेर काढले. फेट्यांची कल्पना नवरदेवाची. केशरी कापडाचे सहा गठ्ठे तो फ्रीमाँटहून घेऊन आला होता आणि बांधता एकट्या मलाच येत होतं, कारण गावाकडे लग्नाच्या मांडवात मी ते शिकलो होतो. पार्किंगमध्ये एकेकाला समोर उभं करून मी पाच फेटे बांधले, मग गाडीच्या काचेत बघून स्वतःचा. हात आपापलं काम करत होते. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे, हात वर केलेले निवडुंग आणि खाली सहा केशरी डोकी, फोटो चांगलेच येणार होते. एकाच्या फेट्याचा शेमला एका काटेरी झुडपात अडकला आणि काट्यांचा अख्खा गोळा त्याच्या पाठीवर आला.

"काढ ना यार, काढ! हसतो काय!"

"थांब, हलू नकोस, आधी फोटो."

टोप्या घातलेलं एक वयस्क अमेरिकन जोडपं थांबून बघत होतं. बाईंनी अगदी अदबीनं विचारलं, तुम्ही कुठल्या राजघराण्यातले का? आमचा नागपूरचा मित्र इंग्रजीतच म्हणाला, "हो बाई, पिस्कॅटवेचे." त्या बाईंनी आमच्याबरोबर फोटो काढून घेतला.

गाडीत परतताना त्याच मित्रानं मला विचारलं, "तुमच्या कंपनीत पण लेऑफ चालू आहेत ना रे?"

"चालू आहेत," मी म्हणालो.

"जप रे बाबा."

"हो."

दुपारी बंगल्यावर आल्यावर त्यांनी माझा सत्कार केला. सगळी आखणी मिनिटाबरहुकूम झाली म्हणून गंमत. फेटे अजून डोक्यावरच होते. नागपूरच्या मित्रानं पुलाच्या काठावर उभं राहून आमच्या शाळांतल्या सूत्रसंचालकाचा आवाज काढला.

"आणि आता मी विनंती करतो, नवरदेवांनी व्यासपीठावर यावं आणि आजच्या सत्कारमूर्तींचा शाल, श्रीफळ देऊन यथोचित सन्मान करावा! टाळ्या! अरे, वाजवा ना, फुकट आहेत!"

शाल म्हणून अंघोळीचा पांढरा टॉवेल माझ्या खांद्यावर घातला. नारळ नव्हता, म्हणून अननस. नवरदेवानं तो दोन्ही हातांनी दिला, मी दोन्ही हातांनी घेतला. बाकीचे टाळ्या वाजवत होते. कॅमेरा मी टायमरवर लावला होता.

"सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत!"

मी म्हणालो, "आभारी आहे." त्यांना ते फार विनोदी वाटलं.

संध्याकाळी मी दोन सेट वेगळे केले. घरचा सेट नवरदेवाला पाठवला आणि त्यातले सात फोटो गावी माझ्या ताईला. दर वेळी पाठवतो तसेच. बरोबर काही लिहिलं नाही. ताईला फोटो आवडतात, ती ते सगळ्यांना दाखवते, एवढंच डोक्यात होतं. खरं तर तेवढंही नव्हतं.

रविवारी सकाळी उठलो तेव्हा भाऊसाहेबांच्या नातीकडून एका कागदाचा फोटो आला होता. तेच ताठ, शाळेच्या दाखल्यावरचं अक्षर.

'तुझ्या ताईनं फोटो दाखवला. कंपनीनं तुझा फेटा बांधून, शाल देऊन सत्कार केला, तिथल्या साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या, हे पाहून डोळे भरून आले. परदेशात जाऊनही आपल्या पद्धतीनं मान मिळवलास. मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन त्यांना फोटो दाखवून आलो. तू उत्तर लिहिलं नाहीस, पण हेच उत्तर समजतो. आता शंका नाही. नात उद्या सकाळी दहा वाजता खात्यात नकाराचं पत्र देईल आणि तिकडच्या तयारीला लागेल.'

मी तो सत्काराचा फोटो उघडून पाहिला. टॉवेल टॉवेल दिसत नव्हता. अननसाचा खालचा भाग माझ्या हातांनी झाकला होता. पूल चौकटीच्या बाहेर राहिला होता, कारण त्यात ग्लास तरंगत होते आणि मीच तो कापला होता. केशरी फेट्यातली माणसं, ताडांची रांग, खांद्यावर पांढरं वस्त्र. आमच्याकडे माणसाला लग्नात नाही तर सत्कारात फेटा बांधतात, आणि लग्न माझं नव्हतं. भाऊसाहेबांनी जे पाहिलं ते कुणीही पाहिलं असतं.

गावात रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. भाऊसाहेब झोपले असणार. नातीला लगेच दोन ओळी लिहिता आल्या असत्या, पण त्यांनी कागदावर विचारलं होतं. ते पहाटे उठतात. उठल्यावर त्यांच्या हाती कागद पडायला हवा होता. नातीला मी एवढंच कळवलं की सकाळी आजोबांसाठी पत्र येतंय, ते वाचेपर्यंत कुठलंही पत्र देऊ नका.

विमानतळावर आमची विमानं वेगवेगळी होती, नवरदेवाचं आणि माझं गेट मात्र समोरासमोर. काउंटरवरच्या बाईंकडून मी दोन कोरे कागद मागून घेतले आणि लिहायला बसलो. नवरदेव कॉफी घेऊन शेजारी येऊन बसला.

"काय लिहितोयस?"

"पत्र. आमच्या भाऊसाहेबांना."

"पेननं? टाइप कर ना."

"माझी नोकरी गेली," मी म्हणालो. त्या वेळी मी कागदावर तेच वाक्य लिहीत होतो, म्हणून ते तोंडानंही आलं.

त्यानं आधी कागदावरची ती ओळ वाचली. मग म्हणाला, "कधी?"

"गुरुवारी."

"गुरुवारी? आणि दोन दिवस तू आम्हाला हनुवटी वर, हनुवटी वर करत होतास? माणूस आहेस की कोण आहेस?" त्यानं कॉफी खाली ठेवली. "रेझ्युमे पाठव. आत्ता."

"पत्र झाल्यावर."

"साठ दिवस आहेत तुझ्याकडे, गाढवा."

"तिच्याकडे उद्या दहापर्यंतच वेळ आहे," मी म्हणालो. मग ती कोण, ते त्याला सांगावं लागलं. तो उठून गेला नाही. माझं लिहून होईपर्यंत तिथेच बसून राहिला.

पत्राचा फोटो काढून नातीला पाठवला, आणि मूळ कागद कॅरीला पोचल्यावर पोस्टात टाकला. ते पत्र असं होतं.

ती. भाऊसाहेब,

नमस्कार. आधी चूक सांगतो, मग उत्तर.

तुम्ही पाहिलेला सत्कार कंपनीनं केलेला नाही. मित्राच्या लग्नाआधी आम्ही सहा जण सहलीला आलो होतो. फेटे मीच बांधले. शाल दिसते तो अंघोळीचा टॉवेल आहे आणि हातात नारळ नाही, अननस आहे. मित्र थट्टा करत होते. फोटो मीच ताईला पाठवला आणि बरोबर एक ओळही लिहिली नाही. ही चूक तुमची नाही, माझी आहे. मुख्याध्यापकांना तुम्ही फोटो दाखवलात, तसं हे पत्रही दाखवा, माझी हरकत नाही.

माझी नोकरी गुरुवारी गेली. मला इथे साठ दिवस राहता येईल. मी दुसरी शोधतो आहे. मिळेल असं वाटतं, पण खात्रीनं लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. ताईला आज सांगेन. तुम्ही मात्र काळजी करून उपास वगैरे धरू नका.

आता उत्तर. ते मी दोन आठवड्यांपूर्वीच द्यायला हवं होतं. इथे येऊन माझं वाईट झालं असं नाही. शिकायला मिळालं, वडिलांना घर बांधून देता आलं. पण दर वेळी व्हिसाचा कागद हातात येईपर्यंत श्वास रोखून राहावं लागतं. चित्रासारख्या जागी उभा असलो तरी ते सुटत नाही. हे मी कुठल्याच फोटोबरोबर तुम्हाला कधी लिहिलं नाही.

माझं मत असं की तिनं सोमवारीच खात्यात हजर व्हावं. नकाराचं पत्र देऊ नये. विद्यापीठाला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, असं विचारणारं पत्र मी इंग्रजीत तयार करून आज रात्रीपर्यंत तिच्याकडे पाठवतो. तिनं वाचून, हवं ते बदलून, स्वतःच्या नावानं पाठवावं. ते हो म्हणाले तर दोन्ही दारं वर्षभर उघडी राहतील. नाही म्हणाले तर तोटा होईल, आणि त्यात माझाही वाटा असेल, हे मी कबूल करतो.

पण हे माझं मत झालं. तुम्ही मला विचारलंत, तिला विचारलंत का, ते पत्रात नव्हतं. तिला विचारा. ती जायचंच म्हणाली तर मला इथे जे जे माहीत आहे ते सगळं मी तिच्यासाठी करीन, नोकरी असो वा नसो.

तुमच्या तोंडावर मी कधी आभार मानले नाहीत. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मानायला हवे होते, तेव्हा मला भूक लागली होती आणि मी गप्प बसलो. आज लिहितो आहे. आभारी आहे.

या पत्राचं उत्तर तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या.

आपला विद्यार्थी