गणगोत वाटणारी

मूल रडल्याचा आवाज आला, की आमच्या वस्तीतली पुरुष मंडळी झोपडीसमोरून हळूहळू मागं सरकायला लागायची. आता ती बाहेर येणार, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. ती यायची, ओले हात पदराला पुसायची, जमलेल्यांवरून एकदा नजर फिरवायची आणि उजव्या हाताचं बोट कुणातरी एकावर रोखायची.

"तू मामा."

संपलं! ज्याच्यावर बोट पडलं तो जन्माचा मामा झाला. "अहो सुईणबाई, मी या बाईला ओळखतसुद्धा नाही," असं कुणी कुरकुरलाच, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. "देव लेकरू देतो, गनगोत मी देते. तुला इचारून देऊ व्हय?"

तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच? गणगोत आधी असतं, मूल त्यात येऊन पडतं. तुमचं बरोबर आहे. पण आम्ही मॉरिशसच्या उसाच्या मळ्यावर राहत होतो. पोर्ट लुईच्या धक्क्यावर जहाजातून उतरलेला जो तो एकटा होता. कुणाचा भाऊ रत्नागिरीकडे राहिलेला, कुणाची आई साताऱ्याकडे. करारावर अंगठा उठवताना, आत्या आणि मामा बरोबर घेऊन जा, असं काही कुणी सांगितलं नव्हतं. आणि मूल झालं की आपल्याकडे पहिल्यांदा लागतात ती हीच माणसं. नाव ठेवायला आत्या हवी, टोपडं आणायला मामा हवा, बाळंतिणीचं डोकं बांधायला बहीण हवी. ती आणायची कुठून? तर त्रियोलेहून प्लेन दे पपायकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या आमच्या त्या मळ्यावर ती सुईणबाईच्या बोटातून यायची.

बाई अंगानं बुटकी, आवाजानं उंच. कोकणातून येताना तिनं लुगड्याच्या घड्यांमध्ये दोन पुरचुंड्या आणल्या होत्या, एक ओव्याची आणि एक बाळंतशेपांची. त्यातले मूठभर दाणे तिनं झोपडीमागं पेरले आणि बाकीचे संपायच्या आत तिचं परसू हिरवं झालं. बाळंतिणीला शेक द्यायला शेगडी, मालिशीला खोबरेल, प्यायला ओव्याचा काढा, आणि नवऱ्याला शिव्या, एवढी तिची विद्या. त्यातल्या शिव्या ती सढळ हातानं द्यायची. कळा सुरू झाल्या की नवऱ्याला ती ओढ्यावरून पाणी आणायला पाठवी, आणलेलं पाणी केळीला घालायला लावी आणि पुन्हा ओढ्यावर पाठवी. "हिंडू दे," म्हणायची, "उगा दारात बसून कन्हत बसतो, मला कळत न्हाय कन्हतंय कोन."

पाचवीच्या पूजेला एका नव्या बाळंतिणीनं डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं, "एवढा समुद्र ओलांडून सटवाई इथं येईल का हो? माझ्या बाळाच्या कपाळावर कोण लिहिणार?" सुईणबाईनं पाटा-वरवंट्याला हळद लावता लावता तिच्याकडे नुसतं पाहिलं. "जितं बाळंतीन, तितं सटवाई. तिला काय जहाजाचं तिकीट लागतंय?"

आता माझ्यावर बोट कसं पडलं ते सांगतो. मी उसाच्या रसाच्या कढईवर कामाला होतो. शेजारच्या झोपडीत बाळंतपण होतं, म्हणून शेगडीला जळण द्यायला गेलो आणि मागं सरकायला विसरलो. मुलगी झाली. बाई बाहेर आली, मला पाहिलं, आणि मी मामा झालो. मग तिनं आदल्याच आठवड्यात जहाजातून आलेल्या एका तरण्या बाईला बोलावलं. तिचा नवरा समुद्रातच वारला होता. उतरल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती, जेवत नव्हती. सुईणबाईनं न्हाऊमाखू घातलेलं ते लालबुंद गाठोडं थेट तिच्या मांडीवर ठेवलं. "तू मावशी. धर नीट, मान सांभाळ." त्या दिवशी ती बाई पहिल्यांदा पोटभर जेवली, असं म्हणतात.

आत्या मात्र मिळेना. बायका आधीच मोजक्या, त्यातल्या दोघी आजारी, बाकीच्या कुठं ना कुठं अडकलेल्या. बारशाच्या दिवशी पाळणा बांधून तयार आणि आत्याचा पत्ता नाही. सुईणबाईचं बोट फिरत फिरत एका बिहारी गाडीवानावर जाऊन थांबलं. पहाडासारखा माणूस, मिशा कानापर्यंत. त्याला ओढून पाळण्यापाशी आणला, वाकवला, बायकांनी पाठीत धपाटे घातले आणि त्यानं बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं ते एवढ्या जोरात, की बाहेर त्याचे बैल उठून उभे राहिले. मुलीचं नाव साळू ठेवलं.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, अशी आपल्यात म्हण आहे. आमच्या आत्याबाईला मिशा होत्या आणि तरी ती आत्याच होती. गाडीवानाला कुणी चेष्टेनं काका म्हटलं तर तो छाती ठोकून सांगायचा, "हम फुआ बानी, फुआ!" फुआ म्हणजे त्याच्या बोलीतली आत्या. मळ्यावरून परतताना साळूसाठी पेरू आणल्याशिवाय तो कधी राहिला नाही. सख्ख्या आत्यांनी लाजावं अशी ती आत्या.

मीही कमी नव्हतो. माझ्या एकुलत्या चांगल्या अंगरख्याची बाही कापून मी साळूला टोपडं शिवलं. ते इतकं वेडंवाकडं झालं, की सुईणबाई म्हणाली, "टोपडं हाय का शेळीचा तोबरा?" पण मुलीनं ते कधी सोडलं नाही. डोक्याला होईना झालं तेव्हा तिनं ते चिंध्यांच्या बाहुलीला घातलं.

सुईणबाई स्वतः मात्र कुणाचीच कुणी नव्हती. एखादं पोर "आजी" म्हणायला गेलं, की ती लगेच दटावी, "आजी-बिजी न्हाय. सुईनबाई म्हन." मी एकदा विचारलं, सगळ्यांना नाती देता, स्वतःला एखादं का ठेवत नाही? ती म्हणाली, "वाढनारी शेवटाला जेवते बाबा. माजं पान मी मागाहून मांडीन." आणि लगेच माझ्या कढईची चौकशी करायला लागली.

साळू चालायला लागली, बोलायला लागली. आईबाप मळ्यात गेले की तिला सांभाळायला कधी मामा, कधी मावशी. मी तिला कडेवर घेऊन मावशीच्या दारात जायचो, मावशी तिला घ्यायला बाहेर यायची. सुरुवातीला आम्ही फक्त साळूबद्दल बोलत होतो. मग साळू झोपलेली असली तरी मी तिला आणायला जाऊ लागलो. तुम्ही चतुर आहात, पुढचं ओळखलं असेल. आपल्यात विधवेचा पाट लागतो, त्याची अडचण नव्हती. तिची ना नव्हती, माझी तर नव्हतीच. अडचण वेगळीच होती. मी साळूचा मामा, ती साळूची मावशी. म्हणजे आम्ही कोण? भाऊ-बहीण!

हसू नका. वस्तीत कुणीही हसलं नाही. रविवारी बैठक्यात, म्हणजे वस्तीच्या सभेच्या झोपडीत, पंच बसायचे, त्यांचा पुढारी एक म्हातारा होता. सगळे त्याला पाटील म्हणत, कारण गावी तो पाटलाची गुरं राखायचा. त्याच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. "बहिनीशी पाट? गावाकडं असतं तर चाबकानं फोडला असता."

मी धावत सुईणबाईकडे गेलो. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे, ती नाती काय खरी होती? ती उलट माझ्यावरच उखडली.

"नातं काय लुगडं हाय व्हय रं, आवडंना झालं की सोडायला? आज म्हनू तू मामा न्हाय. उद्या गाडीवान म्हनंल, मी आत्या न्हाय. परवा सगळेच म्हनतील. एक उसवलं की सगळं उसवलं. मंग मी केलं काय एवढी वर्सं?"

तिचं खरं होतं. माझं मात्र रडायचं बाकी होतं. मी उठून जायला लागलो तेव्हा ती मागून पुटपुटली, "चूक माजीच. बोट रोकताना दोगांच्या तोंडाकडं नीट बगाया पायजे हुतं."

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती बैठक्यात उभी राहिली. तिनं नवाच मुद्दा काढला. टोपडं दिल्याशिवाय मामा पुरा होत नाही, हा आपला रिवाज. यानं टोपडं दिलं होतं का? कुणी पाहिलं का? साळूच्या आईला आधीच पढवलेलं असणार. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "टोपडं? कुटलं टोपडं?" पंच विचारात पडले. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात दारातून साळू नाचत आत आली. काखेत बाहुली, बाहुलीच्या डोक्यावर माझ्या अंगरख्याची बाही. ती सरळ माझ्या मांडीवर येऊन बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मामा, हिचं टोपडं फाटलं. शिवून दे."

पाटील माझ्याकडे पाहून नुसते खाकरले. सुईणबाईनं पदर तोंडावर घेतला. रागानं की हसून, ते मला आजही माहीत नाही.

त्या आठवड्यात तिनं रोज माझ्याकडे कढईच्या कडेला खरवडलेला गूळ मागितला. बाळंतिणीसाठी हवा म्हणाली. मी मुकाट्यानं दिला. तेव्हा वस्तीत एकही बाळंतीण नव्हती, हे माझ्या फार नंतर ध्यानात आलं.

पुढच्या रविवारी ती साळूचं बोट धरून आली. "पंचहो," ती म्हणाली, "मामा खरा. माजं काय म्हननं न्हाय. पन नाती मी नुसती दिली, चालवली कुनी? लेकरानं. तर लेकरालाच इचारा."

पाटलांनी साळूला जवळ घेतलं आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या मावशीकडे बोट दाखवलं. "ही तुजी कोन?"

"मामी!" साळू म्हणाली.

बैठक्यात कुजबुज झाली. पाटलांचा विश्वास बसेना. "नक्की?"

"वी!" क्रिओल पोरांत खेळून साळू 'हो'ला 'वी'च म्हणायची. "मामी हाय."

पाटील पक्के होते. पोर भलतंसलतं बोलतंय का, हे पाहायला त्यांनी दारातल्या गाडीवानाकडे बोट केलं. "अन् हा मिशाळ कोन?"

"आत्या!" साळूला प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं.

आता काय बोलणार? एवढ्या अवघड परीक्षेत पोर बरोबर उतरली होती. तरी पाटलांनी शेवटचा खडा टाकून पाहिला. "पर तू तर हिला मावशी म्हनायचीस की गं?"

साळूनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तवा मी ल्हान हुते."

सगळा बैठका हसला, पाटीलही हसले, आणि मुलं म्हणजे देवाघरची फुलं, असं म्हणून त्यांनी आमच्या पाटाला रुकार दिला. मी त्या फुलाकडे पाहिलं. फुलाच्या हनुवटीवर गूळ चिकटलेला होता, आणि सुईणबाई पदराच्या टोकानं तो घाईघाईनं पुसत होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पोरीला खोटं शिकवलंत की!"

"खोटं न्हाय," ती म्हणाली. "थोडं आदी शिकवलं."

वर्षभरानं माझ्या बायकोला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं आणि हिला तर माहेर नाही. सुईणबाईनं बोचकं उचललं आणि हिला आपल्या झोपडीत घेऊन गेली. तिची झोपडी आमच्या दारासमोर, मधे फक्त पायवाट. तेवढी पायवाट ओलांडताना बायको ढसाढसा रडली, मीही गंभीर चेहरा करून निरोप दिला. मला वाटलं, संध्याकाळी जाऊन बसू. तर बाई दारात आडवी. "जावयानं सारकं सासुरवाडीला येऊ नये. मान ऱ्हात न्हाय." समोर माझी बायको वेणी घालताना दिसायची, आणि मी आपल्या उंबऱ्यावर बसून मान राखायचो. असा मान शत्रूलाही मिळू नये.

मुलगा झाला. बाई बाहेर आली, बोट आधीच वर. "साळे, तू ताई." साळूनं कंबरेवर हात ठेवून पदभार घेतला. मी म्हटलं, आता तरी तुम्ही याची आजी झालात. ती म्हणाली, "झोपडी माहेर हाय. मी न्हाय. माजं पान मागाहून."

पुढं काही वर्षांनी तापाची साथ आली. निम्मी वस्ती अंथरुणाला खिळली. ती या झोपडीतून त्या झोपडीत काढा घेऊन हिंडत राहिली, बाळंतिणींना तर तिनं आपल्याच अंगणात आणून निजवलं. मग एका सकाळी ती काढा घेऊन आली नाही. माझी बायको पायवाट ओलांडून गेली, ती परत येऊन नुसती दारात बसली. तिचं माहेर गेलं होतं.

सुईणबाईला अंगणात ठेवलं तेव्हा सगळी वस्ती जमली. किती मामा, किती मावश्या, मिशा पांढऱ्या झालेली ती आत्या! पाटील आता काठीवर वाकले होते. त्यांनी पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "हिच्या तोंडात पानी घालायला नात्यातलं कोन हाय?"

आम्ही एकमेकांचे सगळे कुणी ना कुणी होतो, तिचं मात्र कुणीच नव्हतं. तिनं आपलं पान मांडलंच नव्हतं. आपण पुढं व्हावं असं मला फार वाटलं, पण तिनं न दिलेलं नातं घ्यायचं कसं, या धाकानं पाय उचलेना. मला रडू आवरेना.

मग बायकांतून साळू पुढं आली. आता ती लुगडं नेसायला लागली होती. तिनं पाटलांच्या हातातून तांब्या घेतला.

"तू कोन हिची?" पाटलांनी विचारलं.

"नात," साळू म्हणाली. "माजी आजी हुती ती."

मी तिच्या हनुवटीकडे पाहिलं. या वेळी गूळ लागलेला नव्हता.