बाबांच्या गाडीचं फाउंडेशन

बाबांना कमी ऐकू येतं हे आमच्या घरात बाबा सोडून सगळ्यांना माहीत होतं. सगळे म्हणजे कोण, तर आई आणि मी. टीव्हीचा आवाज आम्ही सहन करायचो, एकेका गोष्टीसाठी तीन-तीनदा हाका मारायचो, आणि वरून तेच आम्हाला म्हणायचे, "तोंडातल्या तोंडात काय बोलून राहिल्या वं मायलेकी?" कानाचं मशीन आणून दिलं. दोन दिवस घातलं आणि "सारं गाव कानात भांडून राहिलं" म्हणून कपाटात टाकलं. हट्टी माणूस! मी कोणावर गेले ते आई मला रोज सांगते.

खरी पंचाईत गाडीची होती. बाबा कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक जुनी पांढरी छोटी गाडी घेतली. दर रविवारी ती काढून उमरेड रोडनं गावी जायचे. तिथे आमची चार एकर, तूर आणि कापूस. शेत करणारे दुसरे होते, पण बांधावरून एक चक्कर मारून आल्याशिवाय बाबांचा आठवडा संपत नसे. आठवडाभर कोपऱ्यात पेपर धरून बसलेला माणूस रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा असायचा.

कान गेले तसं त्यांचं गिअर बदलणं बिघडलं. गिअर कधी टाकायचा ते इंजिन ओरडून सांगतं, आणि यांना ते ऐकूच येईना. एकदा दुसऱ्या गिअरवर अर्धा रस्ता कापला. इंजिन बोंबलून राहिलं होतं, शेजारी आई बोंबलून राहिली होती आणि हे निवांत. गाडी उकळली तेव्हा कुठे थांबले. चौकात गाडी बंद पडली तर बंद पडलीय हेसुद्धा कळायचं नाही. एक्सिलेटर दाबत बसायचे आणि मागे हॉर्नचा कल्ला. आईनं एक दिवस ठणकावून सांगितलं, "मी नाही बसत आता. अन् तू किल्ली काढून घे त्यायच्याजवळून."

सांगायला काय जातं! किल्ली काढली असती तर त्यांना रविवारच उरला नसता. मी आज घेते, उद्या घेते करत महिना काढला.

तेवढ्यात मिस्त्रीचा फोन आला. लकडगंजच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज, आमची गाडी त्याच्याचकडे असायची. म्हणाला, "ताई, बाबूजी आले होते. म्हणतात, इंजिनचा दम गेला, आवाजच नाही देऊन राहिलं. मी सारं पाहिलं, इंजिन एकदम टकाटक आहे." मग आवाज उतरवून म्हणाला, "मले वाटते ताई, गाडीले काई झालं नाही."

मला इतकी लाज वाटली की मी त्याच्यावरच खेकसले, "मग तुमी काय सांगतलं त्यायले?"

"काय सांगू? म्हटलं, पाहतो बाबूजी."

परक्या माणसानं माझ्या बापाची अब्रू राखली आणि मी त्याच्यावर ओरडले. माझा स्वभाव असा आहे, काय करता.

मी बुटीबोरीला कापड कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये एवढा कल्ला असतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही. तरी जुने कामगार माग बिघडायच्या आधी सांगतात. मी नवी होते तेव्हा एकाला विचारलं होतं, तुम्हाला ऐकू कसं येतं? तो म्हणाला, "ऐकतो कोण मॅडम? पायाले समजते." मिस्त्रीचा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेडमध्ये उभं राहून मला ते आठवलं. माझ्या तळपायाखाली फरशी थरथरत होती. मी शेडबाहेर येऊन लगेच मिस्त्रीला फोन लावला.

गाडीचं इंजिन लोखंडाच्या सांगाड्यावर थेट बसवत नाहीत. मध्ये रबराचे तुकडे असतात, आमच्याकडे मिस्त्री लोक त्यांना फाउंडेशन म्हणतात. त्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे इंजिन आतल्या आत हललं तरी बसणाऱ्याला त्रास नको. शर्यतीची हौस असलेले लोक त्या पोकळ्या भरून रबर कडक करून घेतात. गाडी मग क्लच सोडल्याबरोबर सरळ उठते, गिअर खटकन पडतो. पण इंजिनची सगळी थरथर सीटमध्ये, स्टिअरिंगमध्ये, पायाखाली येते. हौशी लोक ती सोसतात. मला तीच पाहिजे होती.

मिस्त्री म्हणाला, "ताई, घरच्या गाडीले कोणी करते काय हे? लोक थरथर काढाले येतात माह्याकडे, तुमी भराले येऊन राहिल्या!"

"तुमाले जमते का नाही ते सांगा."

जमत होतं. त्यानं इंजिन खालून जॅक आणि फळी लावून धरलं आणि एकेक फाउंडेशन खोललं. मी थिनरनं घासून ती स्वच्छ केली, खालून टेप मारली आणि गाडीच्या काचा चिकटवायचा जो काळा गोंद असतो तो पोकळ्यांत दाबून भरला. पाच दिवस वाळू दिला. बाबांना सांगितलं, फाउंडेशन दबून गेलीत, भरून घेते, पिकअप वाढेल. ते म्हणाले, "मी तं आधीच सांगतलं होतं, दम नाही राहिला तिच्यात."

बाबा आणि मी गाडी आणायला गेलो तेव्हा आधी मी सुरू करून पाहिली. आरसा थरथरत होता, दाराचं पॅनेल खडखडत होतं. चांगल्या गाडीची वाट लावली की काय बाप्पा! मिस्त्री माझ्याकडे पाहून म्हणाला, "मी तं म्हटलंच होतं."

मग बाबा बसले. किल्ली फिरवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर दाबून धरले. मग माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"आला वं पोरी, आवाज आला!"

आम्ही उमरेड रोडला लागलो. पहिला, दुसरा. दुसऱ्यावर जरा थरथर वाढली आणि बाबांनी तिसरा टाकला, अगदी वेळेवर. मग चौथा. मी खिडकीतून बाहेर पाहत रडत होते आणि ऊन लागतंय असं दाखवत होते.

तुम्ही म्हणाल, ज्याला हॉर्न ऐकू येत नाही त्याला गाडी द्यायची कशाला? बरोबर आहे तुमचं. म्हणून मी अटी घातल्या. शहरात मी चालवणार, वस्ती संपली की ते. आणि शेजारी आई नाहीतर मी. आई पुन्हा बसायला तयार झाली, पण कुरकुर केल्याशिवाय कशी बसेल? "माह्या दाढा हलून राहिल्या या गाडीत," म्हणायची. मागून कोणी हॉर्न दिला की बाबांच्या मांडीवर चापट मारायची. एक चापट म्हणजे बाजू द्या, दोन म्हणजे थांबा. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर चापटा मारायची परवानगी मिळाली, असं ती नातेवाइकांना सांगायची. ते रविवार आठवले की मला अजून हसू येतं. किती चांगले दिवस होते ते! चार वर्षं असं चाललं.

गेल्या वर्षी एका रविवारी आई घरी होती आणि मी शेजारी होते. शेतातून परत येताना बाबांनी मोकळ्या रस्त्यावर गाडी एका बाजूला घेतली, बंद केली आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"काहून? काय झालं?" मी त्यांच्या कानाजवळ ओरडले.

"क्लच किती दबला ते नाही समजून राहिलं. शुगरनं पाय बहिरे झाले. चप्पल निघून जाते तं मालूम नाही पडत." मग हसले. "कान गेले तवा तू रबर भरलं. आता पाय गेले. आता काय भरशील?"

मी विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

त्यांना ते ऐकू आलं नसावं, पण माझं तोंड पाहून कळलं असेल. "मी बहिरा आहे वं, येडा नाही. पण तू एवढी मेहनत केली. म्हटलं, पोरीले खुश राहू द्या."

चार वर्षं मला वाटत होतं मी त्यांना सांभाळतेय. मी उतरले, वळसा घालून आले, आम्ही जागा बदलल्या. मी गाडी सुरू केली तसा बाबांनी हाताचा तळवा पुढच्या डॅशबोर्डवर पसरून ठेवला आणि डोळे मिटले. तिसऱ्या गिअरवर ती गाडी सगळ्यात जास्त थरथरते. रस्ता रिकामा होता, चौथा टाकायला हरकत नव्हती. मी घरापर्यंत टाकला नाही.