डॉ. रिठद, मुक्काम रिठद

युसूफ कंपाउंडरचं नाव दोनदा छापून आलं, आणि दोन्ही वेळा आलं गावाचं! पण छापायची ही खुमखुमी त्याला आली ती उकंडराव पाटलाच्या डाव्या गालापायी.

रिठदच्या दवाखान्यात युसूफ वीस वर्षं पुड्या बांधत होता. इंग्रजी शिकला तेही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून. गालात जखम घेऊन कोणी आलं, की डॉक्टरसाहेब जखम बघायचे आणि हा विचारायचा, "तंबाखू कोनत्या गालात धरता?" उत्तर वहीत टिपायचा. अशी एकतीस माणसं झाली. एकतिसांचीही जखम नेमकी तिथंच, जिथं तंबाखू-चुन्याची गोळी बसायची. आधी पांढरा चट्टा, मग जखम, मग तिरडी. डॉक्टरसाहेब त्याला कॅन्सर म्हणायचे. घरी त्याची बायको सुलतानबी करवादायची, "लोकायच्या घरी पोरीसोरीच्या लग्नाच्या गोष्टी, आमच्या घरी निरे गाल!"

एक दिवस उकंडरावानं दवाखान्याच्या ओट्यावर बसून अशी जबरदस्त जांभई दिली की युसूफला आतला पांढरा चट्टा दिसला. दोघं लहानपणापासूनचे दोस्त.

"उकंड्या, तंबाखू सोड. आजच सोड. नाई तं मरशीन."

"कोन म्हनते?"

"मी म्हनतो."

"तू! अबे, पुड्या बांधनाऱ्याचं ऐकू का मी? छापून आलं का कुठी? छापून आन, मंग पाहू." असं म्हणून पाटलानं नवी गोळी मळली आणि गालात सरकवली.

झालं! युसूफ हट्टाला पेटला. वही घेऊन बसला, डॉक्टरसाहेबांचा शब्दकोश फाटेस्तोवर चाळला आणि कलकत्त्याच्या एका डॉक्टरी मासिकाला पत्र धाडलं. खाली सही ठोकली, 'युसूफ, रिठद'. आठ महिन्यांनी पत्र छापून आलं. पण तिकडच्या शहाण्यांनी रिठद हे आडनाव धरलं आणि छापलं, 'वाय. रिठद'.

युसूफ मासिक घेऊन धावतच पाटलाकडे गेला. पाटलाचा त्याच्या वाचण्यावर भरवसा नाही. त्यानं ते शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं आणि मग असा हसला की पागोटं सुटलं.

"हे तं गावाचं नाव हाये लेका! तुह्यं कुठी हाये?"

त्या दिवशी युसूफ जेवला नाही. नावाचं त्याला काय! पण चट्टा वाटाण्याएवढा होता तो आता बोराएवढा झाला होता.

वर्ष गेलं. पोस्टमन भाऊसिंग एक लांबलचक लिफाफा घेऊन गावभर फिरला. वर पत्ता, 'डॉ. रिठद, मुक्काम रिठद'. शेवटी वैतागून त्यानं तो पाटलाला दिला. गावाचं पत्र, मग गावाच्या पाटलालाच द्यायचं! आत सगळं इंग्रजी. पाटलानं युसूफला बोलावणं धाडलं.

युसूफ वाचत गेला आणि त्याचे कान तापले. मद्रासच्या एका मोठ्या डॉक्टरनं मासिकातलं ते अर्ध्या पानाचं पत्र वाचलं होतं. आपल्या रोग्यांना हाच प्रश्न विचारला होता, उत्तरही हेच आलं होतं, आणि आपल्या पुस्तकात 'डॉ. रिठद म्हणतात' असं लिहिलंही होतं. आता त्याला एवढंच हवं होतं: चट्टा असतानाच कोणी तंबाखू सोडली का? त्याचं पुढं काय झालं?

"मंग सांग ना त्याले," पाटील म्हणाला.

"काय सांगू? एकानंही सोडली नाई. माह्या वहीत थो रकाना कोराच हाये." "उकंड्या, तुह्यं नाव मले मेलेल्यायच्या रकान्यात नाई लिहायचं रे."

पाटलानं लिफाफा उलटापालटा करून पाहिला.

"मदरासचा मानूस रिठदले इचारून राह्यला?"

"हाव."

"अन् रिठदचा पाटीलच रिठदचं ऐकत नाई, असं लिहिशीन तू?"

"लिहाच लागन."

पाटील उठला. अंगणात जाऊन त्यानं गोळी थुंकून टाकली, कमरेची चंची काढली आणि युसूफच्या मांडीवर टाकली. "घे. पन माह्यं नाव पुरं लिहिजो. नाई तं मलेबी गावात जमा करतीन."

पुढचे दिवस विचारू नका! पाटील ज्याच्या त्याच्यावर खेकसायचा. त्याची बायको सोजरबाई पंधरा दिवस माहेरीच जाऊन बसली. बडीशेप चघळून चघळून त्याचे जबडे आंबले. पण दर बाजारच्या दिवशी तो दवाखान्यात यायचा आणि आ वासून बसायचा.

सातव्या महिन्यात युसूफनं गाल पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला. पाटलाचं तोंड धरून उन्हाकडे वळवलं आणि पुन्हा पाहिला. मग मटकन स्टुलावर बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

पाटलानं त्याचा खांदा गदागदा हलवला. "काय झालं बे? बोल ना!"

"नाई."

"काय नाई?"

"चट्टा नाई."

पाटलानं जीभ गालावरून फिरवली. एकदा, दोनदा. डोळे भरून आले ते त्यानं पागोट्याच्या शेवानं पुसले आणि युसूफच्या पाठीत एक गुद्दा घातला.

"मंग रडत काहून बसला? छाप!"