आधी ‘सुटली’ म्हण

“हा आजार सिगरेटवर जगतो,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “सिगरेट पूर्ण बंद झाली तर तो बहुतेक तिथेच थांबतो. चालू राहिली तर आधी बोटं जातात, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय.” त्या माझ्या नवऱ्याचं उजवं पाऊल दोन्ही हातांनी चाचपत होत्या आणि अगदी शांतपणे बोलत होत्या. संदीप भिंतीकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. मनात म्हटलं, मेल्या, आता तरी ऐकशील ना?

आजाराचं नाव बर्जर्स डिसीज. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात आणि रक्त पुढे जात नाही. बहुतेक वेळा तो तंबाखू ओढणाऱ्या, नाहीतर खाणाऱ्या तरुण माणसांना होतो. संदीप चाळिशीचाही नव्हता. परळला हॉस्पिटलच्या त्या खोलीत हे ऐकलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखंच वाटलं, कारण त्याआधी आम्ही शुगर तपासली, कंबरेचा एक्स-रे काढला, पायाला तेलं चोळली, आणि उत्तर कशातच नव्हतं.

मी सुजाता. दादरला साडीच्या दुकानात सेल्सला आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलते, त्यामुळे घरी येईपर्यंत गोड बोलणं संपलेलं असतं. संदीप आणि मी लालबागच्या एकाच चाळीत वाढलो, म्हणून आमचं अरे-तुरे. तो लिफ्ट मेकॅनिक आहे. जिथे मिलची चिमणी होती तिथे आता टॉवर आहे, त्या टॉवरच्या लिफ्ट तो बघतो. दिवसभर चढउतार, मशीनरूममध्ये उभं राहणं. पाय गेला तर काम गेलं, हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात कशी झाली ते मुद्दाम सांगते, कारण आम्ही ती ओळखली नाही. करी रोडचा पूल चढताना तो मध्येच थांबायचा. पोटरीत गोळा यायचा, दोन मिनिटं उभा राहिला की जायचा. याला क्लॉडिकेशन म्हणतात, म्हणजे चालताना स्नायूंना लागतं तेवढं रक्त पोचत नाही म्हणून होणारं दुखणं. मला वाटलं, वय झालं, पोट सुटलं. मग बूट चावला आणि करंगळीची जखम भरेना. बोट जांभळं पडलं. तेव्हा कुठे डॉपलर झाली, म्हणजे रक्त कुठपर्यंत वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, आणि नंतर अँजिओग्राफी.

मॅडमनी सिगरेटची ओढ कमी करणारी गोळी दिली, समुपदेशकाकडे पाठवलं. निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी मात्र नको म्हणाल्या. इतरांना ती चालते, पण या आजारात निकोटिन कुठूनही गेलं तरी धोका. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर शेजारचे सांगतात म्हणून केमिस्टकडून काही आणू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट.

घरी आलो तेव्हा सासूबाई दारातच उभ्या. “झिलाच्या पायाक काय झाला गो?” मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “गोळयेन काय व्हतला? त्येका शपथ घाल. चेडवाच्या माथ्यार हात ठेवूक सांग.” सासूबाई मालवणी बोलतात: झील म्हणजे मुलगा, आणि चेडू म्हणजे आमची मुलगी ईशा, तेव्हा सातवीत. कल्पना सासूबाईंची होती, पण मी ती अशी उचलली की काय सांगू! आमच्याकडे माणूस कशालाही भीत नसला तरी पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलत नाही. यापेक्षा पक्की गॅरंटी कुठल्या डॉक्टरकडे आहे?

संदीप म्हणाला, “पोरीला मध्ये कशाला घेता?”

“म्हणजे ओढायचीच आहे तर!” मी म्हटलं.

मग काय करणार बिचारा? देवासमोर ईशाला बसवलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याने म्हटलं की यापुढे सिगरेटला हात लावणार नाही. ईशा खुदकन हसली. मला एकदम हलकं वाटलं. त्या दिवशी मी शेवयांची खीर केली.

पुढचे दोन-तीन महिने, मध्ये ईशाला डेंगी झाला तेवढं सोडलं तर, छान गेले. चिडायचा, उठसूट बडीशेप चघळायचा, पण जखम भरत आली. समुपदेशकाकडे जायला सुट्टी मिळत नाही म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, आता गरज काय? गोळीचा कोर्सही अर्धवट राहिला. शपथ होती ना.

मग एके दिवशी मोजा काढताना शेजारच्या बोटाचं टोक काळपट दिसलं. बसल्या जागी दुखायला लागलं, पाय पलंगावरून खाली लोंबकळत ठेवला की जरा बरं वाटायचं. पुन्हा परळ. पुन्हा तेच बाकडं, तेच फॅन, नाव पुकारायची वाट बघणं. समोर एक बाई नवऱ्याला बोलत होती, “मी सांगत होते, मी सांगत होते.” मी ऐटीत बसले होते. आमच्याकडे तसं काही नाही म्हणून.

मॅडमनी विचारलं, “सिगरेट?”

“नाही,” संदीप म्हणाला.

त्यांनी कोटिनिन टेस्ट लिहून दिली. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं आणि ते लघवीत सापडतं. रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह, तोही चांगलाच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नवऱ्यावर नाही हं! लॅबवर. मी तडक काउंटरवर गेले आणि तिथल्या मुलाला फैलावर घेतलं. “सॅम्पल बदललंय तुमच्याकडे. मशीन बिघडलीय. काय वाट्टेल ते छापता?” त्याने नाव, वय, नंबर सगळं पडताळून दाखवलं. मी म्हटलं, “अहो, माझ्या नवऱ्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय!”

तो म्हणाला, “मॅडम, मशीनला ते कळत नाही.”

रांगेतले दोघं-तिघं हसले. संदीप माझ्या मागे उभा होता. एवढा तमाशा चालू असताना हा एक शब्द बोलत नव्हता, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कपाळ माझं!

रिपोर्ट घेऊन आम्ही मॅडमसमोर बसलो. मी म्हटलं, याच्या टॉवरखाली टपरी आहे, बाजूच्यांचा धूर गेला असेल. मॅडम म्हणाल्या, “बाजूच्या धुराने एवढं येत नाही.” मग संदीपला म्हणाल्या, “मी रागावणार नाही. पण मला खरं कळलं नाही तर मी चुकीचा उपचार करेन, आणि नुकसान तुमच्या पायाचं होईल. कधीपासून चालू आहे?”

संदीपची मान खाली. मॅडमनी पुन्हा विचारलं. तेव्हा तो त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “तू आधी सुटली म्हण.”

लहानपणी आम्ही चाळीत एकमेकांना गळ्याची शप्पथ घालायचो. ज्याने घातली त्याने ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटायची नाही. सुटायच्या आधी शपथ मोडल्याचं बोललं की ज्याची शपथ तो मरतो, असं आम्ही पोरं मानायचो. आणि हा चाळिशीला टेकलेला बाप्या, काळं पडलेलं बोट घेऊन, सर्जनच्या समोर बसून मला सांगतोय, आधी सुटली म्हण. त्याचे डोळे भरले होते. हसावं की याच्या कानाखाली द्यावी, मला कळेना.

“सुटली,” मी म्हटलं. “सुटली, सुटली. बोल आता.”

मग तो बोलला. मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही.

टॉवरमध्ये एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एक गरोदर बाई होती. याने तिला सुखरूप बाहेर काढलं. सगळे खाली टपरीवर गेले, चहा आला, कुणीतरी पाकीट पुढे केलं. याने एक ओढली. एकच. ती सांगितली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण सांगणार कुणाला आणि कसं? एक ओढली म्हणजे शपथ मोडली, आणि मोडली म्हणजे पूर्णच मोडली, मग दुसरीने काय वेगळं होणार होतं? त्यात त्याच आठवड्यात ईशाला डेंगी झाला. प्लेटलेट उतरत होत्या, मी तिच्या उशाशी होते, आणि हा हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभा राहून, माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं म्हणत एकामागून एक ओढत होता. ती बरी होऊन घरी आली. याची सिगरेट मात्र पहिल्यासारखी सुरू झाली. आणि ज्या समुपदेशकाला हे सांगता आलं असतं, त्याच्याकडे जाणं याने याचसाठी बंद केलं होतं.

मला इतका राग आला! त्याचा, माझा, सासूबाईंचा, त्या टपरीवाल्याचा. डास चावून झालेल्या तापाचा संबंध हा सिगरेटशी लावून बसला होता, आणि तो लावायची सोय आम्हीच करून दिली होती. मी तिथेच बोलले, “अरे, मला सांगायचं ना!” तो म्हणाला, “तुलाच तर सांगता येत नव्हतं.”

मी हातातल्या रिपोर्टची घडी घातली.

मॅडमनी आम्हाला दोन शब्द समजावले, तेच तुमच्यासाठी लिहिते. लॅप्स म्हणजे एकदा घसरणं. सोडणाऱ्यांतले बरेच जण घसरतात. रिलॅप्स म्हणजे घसरल्यावर पुन्हा जुन्या सवयीत जाऊन बसणं. “या दोघांच्या मध्ये थोडे दिवस मिळतात,” त्या म्हणाल्या. “त्या दिवसांत पेशंटने सांगितलं तर आम्ही त्याला धरू शकतो. शपथेने तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत.” माझ्यासारख्या बाईला असं तोंडावर कुणी बोललं तर मी ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

ते बोट वाचलं नाही. गँगरीन झालं होतं, म्हणजे रक्त न पोचल्याने तिथलं मांस मेलं होतं. ऑपरेशन झालं, बोट काढलं. पाऊल राहिलं. आता पुन्हा सिगरेट सुरू झाली तर मात्र पावलाचा भरवसा नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. ड्रेसिंग बदलताना मी पहिल्यांदा ती मोकळी जागा बघितली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. संदीप बाहेरून ओरडला, “अगं, चप्पल बसते ना पायात? मग झालं.” चेष्टा सुचतेय याला!

घरी आल्यावर सासूबाई नवी शपथ घालायला निघाल्या होत्या, या वेळी कुलदेवतेची. मी म्हटलं, “आई, बस झालं. पुरे.” त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

गोळी नव्याने सुरू झाली. समुपदेशकाने संदीपला एक काम दिलं: ओढली तर त्याच दिवशी घरी सांगायचं. आणि मला त्याहून अवघड काम दिलं: ऐकून घ्यायचं. आरडाओरडा नाही, टोमणे नाही, पोरीचं नाव मध्ये आणायचं नाही. फक्त विचारायचं, कुठे, कशामुळे, आणि पुढच्या वेळी काय करणार. मी म्हटलं, “म्हणजे याने काहीही करावं आणि मी चहा द्यावा?” समुपदेशक म्हणाला, “चहा नका देऊ. चहाबरोबरच तर ओढतात.”

सोपं आहे म्हणून कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मला तर रोज वाटतं, याला कोंडून ठेवावं. सिगरेटसाठी त्याचा जीव जातो तेव्हा त्याला काय होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि आपल्या माणसाचा पाय आपल्या हातात नसतो तेव्हा काय होतं ते त्याला कळणार नाही. तुमच्या घरी कुणी सोडत असेल तर त्याला शपथ घालू नका. घातली असेल तर आज घरी जाऊन सोडवा. मग जे ऐकाल त्याने डोकं फिरेल, पण ऐका. त्या मॅडमचे माझ्यावर उपकार आहेत ते बोट कापल्याचे नाहीत, तर त्या दिवशी फोन वाजत असताना त्यांनी संदीपचं बोलणं पुरं होऊ दिलं त्याचे आहेत.

परवा मी ओट्याशी बांगडे साफ करत होते. संदीप कामावरून आला. हातपाय न धुता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“एक झाली आज,” तो म्हणाला.

माझ्या हातात सुरी होती. जिभेवर काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाय, ऑपरेशन, पोरगी, सगळंच. मी नळ चालू केला, हात धुतले, जितका वेळ लावता येईल तितका लावला.

“कुठे?”

“टपरीवर. साहेब सगळ्यांसमोर बोलला, डोकं सटकलं. दुसरी घेणार होतो. म्हटलं, आधी तुला सांगायचंय, मग नाही घेतली.”

“सांगितलंस ते बरं केलंस,” मी म्हणाले. आवाज भांडणाचाच लागला, त्याला माझा इलाज नाही. पण तो हसला आणि पाय धुवायला गेला.