आमच्या वाचनालयाचा उघडा डेटाबेस

चहा आधी संपवा. मधेच हसू आलं आणि ठसका लागला, तर मी जबाबदार नाही. माझ्या फजितीची गोष्ट आहे, त्यामुळे हसायला तुम्हाला पूर्ण मोकळीक.

मी कामरगावात कॉम्प्युटरचे क्लास घेते. या विषयात गावात आपल्याइतकं कोणाला कळत नाही, असा माझा समज होता. अजूनही आहे, फक्त बोलून दाखवत नाही.

गावात आमचं लहानसं वाचनालय आहे. दोन खोल्या, पुस्तकांची कपाटं आणि ग्रंथपाल शोभाताई. कोणतं पुस्तक कोणाकडे गेलंय, हे सगळं शोभाताईंच्या डोक्यात. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्या सुट्टीवर जाणार, आणि डोकं काही मागे ठेवून जाता येत नाही. म्हणून समितीने कुठूनसा एक जुना कॉम्प्युटर आणला आणि वाचनालयाचं सॉफ्टवेअर तयार करायचं काम मला दिलं.

आता काय आहे, धान्याला जशी कोठी लागते, तसा माहिती साठवायला डेटाबेस लागतो. फुकट मिळणारे, ज्यांना ओपन सोर्स म्हणतात असे, दोन माझ्या नजरेत होते. एक एसक्यूलाइट. सुटसुटीत, सगळी माहिती एका फाइलीत मावते. दुसरा पोस्टग्रेस. हत्तीच म्हणा ना, कितीही ओझं टाका, पेलतो. एका कॉम्प्युटरच्या वाचनालयाला पहिला भरपूर झाला असता. पण मला सभेत बोलायचं होतं! लहान वस्तूवर मोठं भाषण कसं करणार? मी हत्ती निवडला.

सभेला खोली भरून माणसं आली. एरवी मी तुमच्या-आमच्यासारखी बोलते, पण त्या दिवशी एकदम पुस्तकी मराठी काढली. म्हटलं, हजार लोक एकाच वेळी आले तरी हा डेटाबेस थकणार नाही.

"बसतीन कुठं?" शोभाताईंनी हळूच विचारलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग उठले आमचे अध्यक्ष देवरावकाका. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत, पण विनातिकीट काही चालतं यावर त्यांचा आजही विश्वास नाही. इतकी चांगली वस्तू फुकट कायले देऊन राह्यले, असं त्यांनी विचारलं.

"काका, हे ओपन सोर्स आहे," मी म्हटलं. "ओपन म्हणजे उघडं. याच्या आत काय लिहिलंय, ते जगात कोणीही पाहू शकतं."

खोली चिडीचूप. मला वाटलं, भारावले.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तकं परत यायला लागली. शोभाताईंनी ज्यांची आशा सोडली होती, तीसुद्धा. कोणी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं, कोणी खिडकीतून आत ठेवून पळालं. एका वयस्कर गुरुजींनी तर निरोप पाठवला की यापुढे माझ्या नावावर फक्त थोरांची चरित्रं लिहा. मी शोभाताईंना ऐटीत म्हटलं, पाहा, कॉम्प्युटरची नुसती बातमी आली तर गावाला शिस्त लागली. इतकी हुशार मी.

मग बाया यायच्या बंद झाल्या. दुपारची खोली ओस. शोभाताईंचा चेहरा उतरला, कारण एकेक बाई त्यांनी घरोघर फिरून जोडली होती.

शेवटी वच्छलाकाकू आल्या. यांचा गावाबाहेर भाजीचा मळा आहे. सकाळी मेथी-वांगी घेऊन कारंजाच्या बाजारात जातात, आणि परत येताना वाचनालयातून एक प्रेमकथा रिकाम्या टोपलीत पोत्याखाली घालून नेतात. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात तसाच राहू दिला.

"झालं वाचून?" मी विचारलं.

"नाई. अर्धंच झालं."

"मंग वापस काहून?"

"आता सारं उघडं होऊन राह्यलं म्हंतेत," त्या खाली पाहून म्हणाल्या. "कोन काय वाचते, हे गावाले कायले दाखवता, मॅडम? मले घरात सून हाये."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सभेतली पुस्तकी मराठी इथे काही कामाची नव्हती.

"काकू, उघडी हाये ते फक्त बनवाची रीत. तुमची माहिती नाई. झुनक्याची रीत साऱ्या गावाले माईत हाये नं? म्हणून कोनी तुमच्या कढईवरचं झाकन काढून पाह्यते काय?"

काकूंनी विचार केला. "पाह्यलं त हात तोडीन," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक पुन्हा टोपलीत गेलं.

मी हत्तीला रजा दिली. लहानसा एसक्यूलाइट बसवला, आणि ग्रंथपालाच्या पासवर्डशिवाय कोणाचं काही दिसणार नाही अशी सोय केली. काकूंना विनंती केली की बाकीच्या बायांनाही जरा समजावून सांगा. त्यांनी मनापासून सांगितलं. पण निरोप कसा असतो माहीत आहे ना? या गल्लीतून त्या गल्लीत जाईपर्यंत त्यातला डेटाबेस गळाला आणि झुणका तेवढा उरला.

रविवारी दुपारी वाचनालयासमोर ही गर्दी! मॅडम झुणक्याची रीत शिकवणार म्हणून कोणी बेसन आणलेलं, कोणी कांदे. देवरावकाका स्वतः शेगडी घेऊन हजर. मी त्यांना बाजूला घेऊन खरं सांगायला गेले, तर म्हणाले, सभासद वाढून राह्यले, तू गुमान कर. आणि खरंच, आत शोभाताई हसतमुखाने नवीन नावं नोंदवत होत्या. गेलेल्या सगळ्या आल्या होत्या, वर सुनांनाही घेऊन. वच्छलाकाकूंची सून तर आधीच कपाटापुढे उभी होती.

आता खरं सांगते. आमच्या घरी स्वयंपाक सासूबाई करतात. पण इतक्या बायांपुढे हे कसं बोलू? घातलं बेसन कढईत. त्याच्या गाठी झाल्या. गाठी फोडायला पाणी घातलं, तर पिठलं झालं. पिठल्याचा झुणका करायला आच वाढवली, तर खाली लागलं.

वच्छलाकाकूंनी बोटभर चाखलं. पुन्हा एकदा सगळे चिडीचूप. या वेळी मात्र कोणी भारावलेलं नाही, हे मला लगेच कळलं.

काकूंनी मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "हे रीत मात्र झाकूनच ठेवजा."